उष्टी ताटं

गौरवने यशवंतरावांचं ताट दोन्ही हातांनी उचललं. जेवण झाल्यावर त्यांनी ताटातच हात धुतले होते आणि पाणी काठापर्यंत आलं होतं. ओठ दाताखाली धरून, एक थेंबही न सांडता तो मोरीपर्यंत गेला आणि परत येऊन आत्याच्या ताटाकडे वळला. नऊ वर्षांच्या पोराच्या चेहऱ्यावर कोण ऐट!

ती ऐट त्याच्या आईने, सुलभाने, सहा महिने खपून आणली होती. रागावून पोरं कामाला लागत नाहीत, हे शिक्षिका असल्यामुळे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने त्यालाच काम निवडायला सांगितलं. त्याने ताटं उचलणं आणि जागा पुसणं निवडलं. सुरुवातीला शितं तिथेच राहायची. तो शाळेत गेल्यावर ती गुपचूप पुन्हा पुसून घ्यायची. आता त्याने पुसलेल्या जागेत शोधूनही शीत सापडत नसे. मागच्या महिन्यात पालकसभेत तिने हे सगळं सांगितलं होतं. मुलगा-मुलगी असा भेद करू नका, असं आयांना ठणकावलंही होतं. टाळ्या पडल्या होत्या.

रुख्मिणीअक्का तिची थोरली नणंद. इच्छापुरला देवीचं दर्शन घेऊन त्या नवऱ्यासह, यशवंतरावांसह, लोधीपुऱ्यात सुलभाच्या घरी जेवायला आल्या होत्या. सुलभाचा नवरा दत्तात्रय ऑफिसच्या कामाने खंडव्याला गेला होता, त्यामुळे पाहुणचार एकट्या सुलभावर होता. अक्कांनीही ताटातच हात धुतले होते; त्यांनी आपलं ताट हाताने दाबून धरलं.

“काय वं सुलभा, पोऱ्याले उष्टे ताटं उचलाले लावते? घरात पोरगी आहे ना!”

बारा वर्षांची स्नेहल चटकन उठून उभी राहिली. यशवंतराव सुपारी कातरायचे थांबले. सुलभाचे कान तापले. पालकसभेतलं सगळं भाषण तिला पाठ होतं. त्यातलं एक वाक्य म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

“नाही हो अक्का, रोज कुठे! शिक्षा केलीय त्याला. शाळेत भानगड करून आलाय.”

“असं व्हय! मंग बराबर आहे.” अक्कांनी ताट सोडलं आणि गौरवच्या पाठीवरून हात फिरवला. “पुन्हा नको करू, बेटा.”

गौरव वाकला होता तसाच राहिला. त्याने आईकडे पाहिलं. सुलभा पापडाच्या डब्याचं झाकण लावू लागली, ते लावलेलंच होतं. मग त्याने ताट उचललं. या वेळी मोरीपर्यंत पाणी सांडत गेलं.

चार वाजता पाहुणे निघाले. सुलभाला स्वतःची लाज वाटत होती. बशीत गोड दराबा घेऊन ती गौरवजवळ गेली. तो गृहपाठ करत होता.

“आत्या जुन्या वळणाच्या आहेत रे. म्हणून तसं म्हणावं लागलं.”

“हां.”

“राग आला?”

“नाही.”

मी खोटं बोलले, एवढंच म्हणायचं होतं. रोज चाळीस मुलांना खरं बोला म्हणून सांगणाऱ्या बाईची जीभ उचलेना. गौरवने दराबा संपवला आणि बशी धुऊन ठेवली.

संध्याकाळी दत्तात्रय परतला. चौघं जेवली. जेवण होताच स्नेहलने भावाआधी बापाच्या ताटाला हात घातला.

“तू नको, दीदी,” गौरव म्हणाला. “सजा मेरी है.”

दत्तात्रयने पाण्याचा पेला खाली ठेवला.

“कसली सजा? काय केलंस रे?”

गौरव वाट्या एकात एक घालत होता. त्याच्या आवाजात राग नव्हता.

“मला नाही मालूम, पप्पा. मम्मीला विचारा.”