राखून ठेवलेली जागा

गफ्सा गावच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लोखंड ठोकलेल्या हेदीच्या घरात पहिल्यांदाच कुणाला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. थोरल्या तैसीरला. किनाऱ्याकडच्या शहरात सरकारी संस्था, तीन वर्षं, वसतिगृहासकट. आईने आणि शेजारणींनी आनंदाने जिभा हलवत उलुलुलु करून गल्ली दणाणून सोडली.

तैसीर मात्र धास्तावली होती. मामेभावाच्या सुंतेला रक्ताचा थेंब दिसला आणि ही बया आडवी, हे अख्ख्या गावाने पाहिलं होतं. वॉर्डात पहिल्याच दिवशी तसं झालं तर? गफ्सात नर्सच्या हाताखाली काम करणाऱ्या रुग्णसेविकेचा दहा महिन्यांचा कोर्स होता. आधी तो करावा, हात बसतो का पाहावं, मग नर्सिंगला जावं, असं तिने ठरवलं. ऑक्टोबरच्या आत अर्ज केला तर संस्था जागा वर्षभर राखून ठेवत असे.

"पोरगी शहाणी आहे," हेदी म्हणाला. "पाया पक्का होईल."

"मग बाबा, उद्या शेअर टॅक्सीने जाऊन अर्ज खिडकीवर देते. पोच घेऊन येते."

"खिडकीवर? रांगेत? आपल्याला काय कुणी नाही? लुत्फी आत बसलाय ना!"

लुत्फी हेदीचा चुलतभाऊ, त्याच संस्थेत कारकून. शुक्रवारी आला, दोन ताटल्या कुसकुस चापलं, अर्ज घडी करून कोटात ठेवला. "झालं समज, पोरी."

कोर्सच्या पहिल्या आठवड्यात तैसीर तीनदा ओकली. तिसऱ्या महिन्यात म्हाताऱ्यांच्या पाठीच्या जखमा ती नाक न मुरडता साफ करू लागली. खाणीतून निवृत्त झालेला एक खवीस म्हातारा कुणाला अंगाला हात लावू देत नसे, तो हिची वाट पाहायचा. "बाकीच्या मला पोत्यासारखं उलटतात गं," तो म्हणायचा. हे पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी ती घरी उड्या मारतच आली. आता तिला नर्सच व्हायचं होतं, दुसरं काही नाही.

दोनदा तिने वडिलांना म्हटलं, "काकांना एकदा फोन करून विचारा ना."

"आठवण करून देऊ? म्हणजे तुझ्या शब्दावर भरवसा नाही, असं रक्ताच्या माणसाला तोंडावर सांगू?"

ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही आमच्या लोकांची खोड. पण तैसीरला तरी स्वतः जाऊन विचारायला कुणी अडवलं होतं? कुणीच नाही. पुढे तिला सगळ्यात जास्त तेच डाचत राहिलं.

सप्टेंबरात ती बॅग भरून, सर्टिफिकेट घेऊन संस्थेत गेली. खिडकीतल्या बाईने यादीवरून बोट फिरवलं. "नाव गेल्याच वर्षी कमी झालंय. अर्ज आलेला नाही."

"पुन्हा प्रवेश?"

"शाळेची शेवटची परीक्षा यंदा पास झालेल्यांनाच. पुढचा कोण आहे?"

चार तासांचा परतीचा रस्ता ती बॅग मांडीवर घेऊन बसली होती.

शुक्रवारी लुत्फी आला. त्याला ना लाज, ना खंत.

"अर्ज माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे की! तुमचा फोन नाही, काही नाही. मला वाटलं, पोरीचं मन बदललं, लग्नबिग्न ठरलं असेल. खरी गरज असली तर माणूस दोनदा विचारतो."

हेदी कानापर्यंत लाल झाला. आता बाबा याला फाडून खाणार, असं तैसीरला वाटलं.

"नशिबात लिहिलेलं कोण पुसणार?" हेदी म्हणाला. "कॉफी घे, लुत्फी."

"आणि वाया काय गेलंय?" लुत्फीने साखर ढवळली. "सर्टिफिकेट आहे ना? ओळखीच्या क्लिनिकात सेविका हवीय. पांढरा कोट तिथेही मिळतोच."

"त्या कोटातल्या बाईच्या हातात सुई देत नाहीत, काका. बेडपॅन देतात. जन्मभर."

"तैसीर! पाहुण्याशी असं बोलतात?" आई ओरडली.

पाहुण्याला पोचवायला हेदी गल्लीच्या टोकापर्यंत गेला. परत आला तेव्हा तैसीर उंबऱ्यातच उभी होती.

"बाबा, त्याला एक शब्द तरी बोलायचात."

"त्या कचेरीत आपला तेवढा एकच माणूस आहे गं. त्याला दुखवून कसं चालेल? सुलाफ यंदा पास झालीय."

सुलाफ तिची धाकटी बहीण.

"तिचे प्रवेशाचे कागद त्याला दिलेत?"

"आत्ताच दिले," हेदी म्हणाला, आणि मोठं शहाणपण गवसल्यासारखा मान हलवून पुढे बोलला, "पण या खेपेला मी त्याला दर आठवड्याला फोन करणार."