काष्टीपर्यंतचा गारवा

साबणाच्या फेसात एक बुडबुडा फुगला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा उभा राहिला. कानिफनाथनं ब्रश खाली ठेवला. आठवडाभर तो ज्या गळतीच्या मागं होता ती सापडली होती, पण नको त्या जागी. मोटारीतल्या थंड हवेच्या यंत्राच्या कॉम्प्रेसरचा दांडा जिथून बाहेर येतो, तिथल्या सीलमधून गॅस निसटत होता.

"घावलं का?" घरातून बायकोनं, छबूबाईनं विचारलं.

"घावलं. सील गेलंय."

"मंग?"

"मंग काय? करायचं."

सोनईच्या पंचक्रोशीत विहिरींवरची ऑइल इंजिनं कानिफनाथच दुरुस्त करायचा. दारातली लांबलचक अमेरिकन मोटार छप्पन सालची. एका संस्थानिकाकडून ती नगरच्या एका पेढीवाल्याकडे आली, आणि इंजिन बसल्यावर कानिफनाथकडे. त्यानं ते चालू केलं. लग्नसराईत नवरदेव मिरवायला गाडी भाड्यानं जायची. तिच्यात थंड हवेचं यंत्र आहे हे त्याला ठाऊक होतं. पण काचा खाली केल्या की वारं आपोआप येतं, म्हणून इतकी वर्षं त्यानं तिकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

सात वर्षांपूर्वी स्टोव्हचा भडका उडाला आणि छबूबाईचं अर्धं अंग भाजलं. चार महिने दवाखान्यात काढून ती जगली. पण जिथं नवी कातडी आली तिथून घाम यायचा बंद झाला. "अंगातली उष्णता बाहेर पडायला ह्यांना वाटच राहिली नाही, उन्हाला जपा," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून पाडवा ते मृग ती धाब्याच्या घरातल्या मधल्या खोलीत, दाराला ओलं पोतं लावून बसायची. एकदा वैशाखात शेजारी पापड लाटायला गेली, तर बेशुद्ध पडली आणि उचलूनच आणावी लागली.

आणि आता, बहात्तरच्या उन्हाळ्यात, त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, शोभाचं लग्न ठरलं होतं. मुलगा फौजेत, त्याला रजा मिळाली ती नेमकी वैशाखात. लग्न मुलाकडे, काष्टीला. मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा.

"मी न्हाई येत," छबूबाईनं सांगून टाकलं. "लेकीच्या मांडवात माझं मढं नगं."

"रातीचं न्या की हिला गाडीतनं," नणंद साळूबाई म्हणाली.

"आन दिवसभर ठिवू कुटं? पत्र्याची घरं हायत तिकडं." एवढंच बोलून कानिफनाथ उठला आणि त्यानं गाडीचं बॉनेट उघडलं.

गळती सापडल्यावर नवं सील शोधायला तो नगरला गेला. तिथं शामकांत नावाचा फ्रिज दुरुस्त करणारा होता. आधीचा गॅसही त्याच्याकडूनच आणलेला. त्यानं चष्मा कपाळावर चढवला.

"ह्या गाडीचं सील? मुंबईतसुद्धा मिळायचं नाही, कानिफनाथ. आणि हे काही विहिरीवरचं इंजिन नाही. गॅसचा हा एवढा एकच सिलिंडर आहे माझ्याकडे. तुम्ही भराल, आणि दोन दिवसांत हवेत जाईल."

"जानार न्हाई."

"कशावरून?"

"इंजनांची व्हालं घासण्यात उमर गेली माझी. सील बी घाशीन."

शामकांतनं चष्मा पुन्हा खाली घेतला. मग सिलिंडर दिला, आणि फ्रिजचा एक जुना कॉम्प्रेसरही. गॅस भरण्याआधी नळ्यांतली हवा आणि ओल ह्या कॉम्प्रेसरनं ओढून काढायची, नाहीतर आत बर्फ धरतो, हे दोनदा समजावून सांगितलं.

घरी आल्यावर कानिफनाथनं सील खोललं. कार्बनची एक कडी, तिच्यावर टेकणारी पोलादी चकती. दोन्हींवर केसासारखे ओरखडे. ते घासायला हवी होती एकदम सपाट जागा. लोखंडी पाट झाला, फरशी झाली, खिडकीची काच झाली. सगळ्यांत कुठं ना कुठं बाक होताच.

छबूबाई आत गेली आणि ट्रंकेच्या तळातून तिच्या लग्नातला जाड बिलोरी आरसा घेऊन आली. भाजल्यापासून तो बाहेर निघाला नव्हता.

"ह्यो बगा, चालतो का."

"छबू, ह्याच्यावर घासलं तर ऱ्हायाचा न्हाई त्यो."

"मला कुटं लागतोय?" ती म्हणाली आणि आरसा पालथा न घालता, उताणाच त्याच्यापुढं ठेवून गेली.

पितळ उजळायची पूड तेलात कालवून तो दोन दिवस घासत राहिला. इंग्रजी आठचा आकडा काढल्यासारखा हात फिरवायचा, पुसायचं, उजेडात धरायचं, पुन्हा घासायचं. आरसा आंधळा झाला. कडी आणि चकती मात्र अशा झाल्या, की एकावर एक ठेवल्या तर चिकटून बसत.

गॅस भरताना त्याच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. नळीवर रुपयाएवढी काच होती, तिच्यातून फेसाळ गॅस धावताना दिसत होता. फेस विरळ होत गेला आणि काच स्वच्छ झाली. दोन दिवसांनी त्यानं सीलभोवती साबण लावला. काहीच हललं नाही.

छबूबाई गाडीत बसली. जाळीतून येणाऱ्या वाऱ्यापुढं तिनं आक्रसलेला हात धरला, आणि कितीतरी वेळ धरूनच ठेवला.

"गार हाय," ती म्हणाली. मग हळूच, "मला चोळी शिवाया टाकली पायजे."

लग्नाच्या दिवशी काष्टीपर्यंतचे तीन-साडेतीन तास ती काचा लावून आरामात आली. पण मांडवाशेजारच्या लिंबाखाली गाडी उभी राहिली आणि नवंच संकट आलं. चालत्या गाडीला वारा लागतो, उभ्या गाडीला कुठला? उष्णतेचा काटा चढू लागला. त्यात बायापोरांचा काचांना गराडा पडला. कुणीतरी म्हणालं, "रानीसाब आल्यात जनू!" छबूबाईनं तोंडावर पदर ओढला.

कानिफनाथ पाणी शोधायला धावला. दुष्काळानं विहिरी आटल्या होत्या, लग्नाला पाणी बैलगाडीवरून आणलं होतं. तरी व्याही आप्पासाहेबांनी पिपाकडे बोट केलं. "घ्या की पाव्हनं, लग्नाचं घर हाय."

छबूबाईनं काच चार बोटं खाली केली. "अवं, पियाचं पानी गाडीवर वतू नगा. मुहूर्ताला किती येळ हाय?"

"धा मिन्टं."

"मंग इंजान बंद करा. मी उतरते."

"छबू..."

"हितवर आनलं ना तुमी? म्होरं मी जाते."

ती उतरली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला, तोंडावरचा काढला. भाजलेला गाल, ताणलेला ओठ, सगळं उघड्या उन्हात आलं. काचांशी गर्दी करणाऱ्या बायकांनी आपण होऊन वाट दिली. मंगलाष्टकं संपेपर्यंत ती शोभाच्या मागं उभी राहिली. लेकीचा हात जावयाच्या हातात देताना पाण्याची धार तिनंच सोडली. तोवर तिचा चेहरा इंगळासारखा झाला होता, श्वास धाप्पधाप्प चालला होता. कानिफनाथनं हात पुढं केला.

"उचलू नगा. चालत जाते," ती म्हणाली, आणि गेली.

त्यानं इंजिन सुरू केलं. थोड्या वेळानं बाशिंग बांधलेली शोभा मांडवातून सरळ गाडीकडे आली, आत आईजवळ बसली आणि तिनं दार लावून घेतलं.

काटा पुन्हा लाल रेघेकडे निघाला होता. पहिल्या पंगतीतल्या लोकांनी हात धुतलेलं गढूळ पाणी घंगाळात साचलं होतं. कानिफनाथनं बॉनेट उघडलं, डोक्यावरचा फेटा सोडून त्या पाण्यात बुचकळला आणि इंजिनापुढच्या जाळीवर पिळला. पुन्हा बुचकळला, पुन्हा पिळला.

आप्पासाहेब लगबगीनं आले. "पाव्हनं, आवं मानाचा फेटा हाय त्यो! आन सूनबाईला बलवा, नवरानवरीची पंगत खोळंबलीय."

"खोळंबू द्या जरा," कानिफनाथ म्हणाला.

बंद काचांमागं मायलेकी बोलत होत्या. त्यांचं काहीच बाहेर येत नव्हतं, आणि तो ते ऐकायला पाहतही नव्हता. फेटा पिळता पिळता तो फक्त इंजिनाकडे कान लावून होता.