शेवटच्या धारेचे वजन

मी एक जुना वजनकाटा आहे. पण किराणा दुकानातला नव्हे. मित्रांनो, माझ्यावर फक्त तान्ही बाळे तोलली जात. कोल्हापुरातल्या एका लहान कारखान्यात माझे ओतीव लोखंडाचे अंग घडवले, वर पांढरी परात बसवली आणि १९९१ साली मी एका इस्पितळात, वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या खोलीत आलो. दहा ग्रॅमचा फरकही मी दाखवी, याचे सगळ्यांना कौतुक होते.

पाच वर्षांनी इचलकरंजीच्या कुलसुमला आठव्या महिन्यातच जुळी झाली. मुलगी तिसऱ्या दिवशी गेली. मुलगा उरला, तेराशे ऐंशी ग्रॅमचा. आठवड्यात तो बाराशे वीसवर आला. अशी बाळे सुरुवातीला थोडी उतरतातच; पण पुढचे चार दिवसही माझा काटा तिथेच राहिला. कुलसुम माझ्याकडे पाहायचीच नाही. ती सिस्टरांच्या चेहऱ्याकडे पाही.

ती वाटीत दूध पिळून देई आणि ते नळीने बाळाच्या पोटात जाई. एका वेळी लागत चार-पाच चमचे, म्हणून पहिल्या धारांवरच ती थांबे. ते दूध निळसर, पातळ दिसे. एक नात गमावलेली सासू चाँदबी धास्तावली होती.

"दूध कसलं, पाणीच हाय त्ये. डब्याचं घाला की आता."

कुलसुमने मान खाली घातली. मुलगीही आपल्या दुधामुळेच गेली, असे तिने मनाशी धरले होते.

संघप्रिया सिस्टर वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी पहिल्या धारा एका वाटीत काढायला लावल्या आणि मागचे दूध, शेवटच्या थेंबापर्यंत, दुसऱ्या वाटीत. दोन्ही दुधे काचेच्या नळ्यांत भरून खिडकीत उभी ठेवली. दुपारी दुसऱ्या नळीत वर पिवळसर जाड साय धरली होती. चाँदबी वाकून बघत राहिली. माहेरी, गडहिंग्लजला, तिने म्हशी पिळल्या होत्या.

"म्हशीची बी शेवटची धारच दाट असती," ती सावकाश म्हणाली. "मला कसं सुचलं न्हाय?"

मग सिस्टर कुलसुमजवळ बसल्या. "पोरीची फुप्फुसं कच्ची होती, बाई. तुझ्या दुधाचा दोष न्हवता."

त्या दिवशी कुलसुम पहिल्यांदा रडली.

बाळाला आता ते मागचे दूध मिळू लागले. तीन दिवसांनी वीस ग्रॅम वाढले, आणि आकडा तिने स्वतः वाकून वाचला. महिन्याभराने मोहसीन सतराशे ग्रॅमचा होऊन घरी गेला. नवरा लालासाबने दोन झबली आणली होती. एक तिने बाळाला घातले. दुसरे घडी करून सिस्टरांच्या हाती दिले, त्या खोलीत पुढे येईल त्या लेकरासाठी.

२००४ साली बॅटरीवरचा काटा आला आणि मी अडगळीत गेलो. परातीचा रंग उडाला आहे. माझे काही म्हणणे नाही. मात्र मित्रांनो, तुमच्या घरी एखादे बाळ लवकर आले, तर त्याच्या आईच्या दुधाला नावे ठेवू नका. काट्याकडे दिवसातून एकदाच बघा. बाकीच्या वेळी तिच्याजवळ बसा आणि विचारा, ती जेवली का.