आईकडून आलेली मी

मी बोलतेय, एका मुलीच्या डाव्या कानाच्या आतून. शाळेत पेशीची आकृती काढताना तुम्ही शेंगेसारखं काहीतरी काढता, 'तंतुकणिका' असं नाव देता आणि मोकळे होता, ती मी. पेशीला लागणारी ऊर्जा मी तयार करते.

माझे पूर्वज जीवाणू होते. जीवाणूचा संसार एका खोलीचा. बाहेर भक्कम पेशीभित्तिका, आत केंद्रक नाही, डीएनएचं वेटोळं तसंच उघड्यावर, आणि प्रथिनं बनवणारे रायबोझोम लहान चणीचे. तुमच्या पेशीचा थाटच वेगळा. केंद्रकाला स्वतंत्र पडदा, कामागणिक निराळी खोली, रायबोझोमही थोराड. अशाच एका मोठ्या पेशीत माझे पूर्वज शिरले आणि घरजावई होऊन राहिले. भित्तिका त्यांनी टाकली, पण वेटोळं आणि लहान रायबोझोम सोडले नाहीत. तेच आमच्या मुळावर आलं.

मुलीला जबर ताप आला. रक्तात जीवाणू सापडले. डॉक्टरांनी निवडलेलं इंजेक्शन जीवाणूंचे लहान रायबोझोम हेरून बंद पाडतं, तुमच्या थोराडांना सोडून देतं. एरवी आम्हीही बहुतेक निभावून जातो. पण आमच्या रायबोझोममध्ये एक बारीकशी खोट आहे, तिच्यामुळे आम्ही त्या औषधाला जीवाणूच वाटतो. ही खोट आईकडची. तंतुकणिका आईकडूनच येतात.

डॉक्टरांनी आधी विचारलंही होतं, "घरात कुणाचे कान औषधानं गेलेत का?"

"हिच्या आईला ऐकू येत नाही," वडील म्हणाले, "पण ते लहानपणी, तापानं."

आई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. डॉक्टरांची तिच्याकडे पाठ होती. उत्तर एकट्या तिला ठाऊक होतं आणि प्रश्न तिला ऐकूच आला नाही.

ताप उतरला. जीवाणू मेले, पण औषध कानात साचून राहिलं आणि आम्हीही मरत गेलो. घरी आल्यावर आईनं मुलीला मागून हाक मारली. मुलगी वळली नाही. पुन्हा मारली. मग ती नवऱ्यावर ओरडली, "कसलं इंजेक्शन दिलंत तिला? माझा ताप उतरला होता हो! इंजेक्शनांनी कान गेले माझे!"

"मग सांगायचंस ना आधी!"

"विचारलं कुणी मला?"

मुलगी आळीपाळीनं दोघांचे ओठ बघत राहिली.

कानातल्या या ऐकणाऱ्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. माझी पेशी विझत आलीय, तिच्याबरोबर मीही. फार वाईट वाटतं. पलीकडच्या खोलीत धाकटी बहीण गाणं म्हणतेय. तिच्या कानात माझ्याच बहिणी आहेत. तिला कधी ताप आला, तर आधी आईच्या समोर बसा आणि सावकाश ओठ हलवून तिला विचारा.