उभ्या गाडीच्या त्रेचाळीस खेपा

आमच्या आजोबांना गल्लीत ‘उभी गाडी’ म्हणायचे. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल अशा बेतानं. लढाईत ते सैन्याच्या वाहतूक दलात ट्रक चालवायचे. एकदा माघारीचा हुकूम आला, सगळी तुकडी मागे फिरली आणि हे अकरा दिवस गाडीसकट बेपत्ता. परत आले तेव्हा म्हणाले, मी डोंगरावरून जखमी खाली आणत होतो, त्रेचाळीस खेपा केल्या. साहेबांनी मीटर पाहिला. अकरा दिवसांत गाडी चालली होती चौदा मैल. झालं! कुठेतरी झाडाखाली गाडी लावून हा लपून बसला आणि वर थापा मारतोय असं ठरलं, आणि आजोबांना काढून टाकलं. त्यांच्याच तुकडीतला एकजण आमच्या गल्लीत राहायचा, त्यामुळे ही बातमी त्यांच्याआधी घरी पोचली.

पुढे त्यांनी जन्मभर गिरणीत पीठ दळलं. स्टिअरिंगला हात लावला नाही, कोणाला उलट उत्तर दिलं नाही.

मी त्यांचा नातू. तीस वर्षं गिअरबॉक्स दुरुस्त करतोय. माझं डोकं चटकन तापतं, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कोणाला नवल वाटायला नको.

या हिवाळ्यात आत्याला हृदयाचा झटका येऊन गेला. आत्या म्हणजे आजोबांची थोरली मुलगी, वय चौऱ्याऐंशी. दवाखान्यातून घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी मला बोलावून घेतलं.

“बाबांचे सैन्यातले कागद शोधून आण,” म्हणाली.

“आता कशाला उकरून काढतेस?”

“पंधरा वर्षांची होते. शाळेत मुलींनी चिडवलं, म्हणून घरी येऊन त्यांच्यावर राग काढला. ते जेवत होते. समोर उभी राहून म्हटलं, तुम्ही भित्रे आहात, तुमच्यामुळे मला मान खाली घालावी लागते. अर्ध्या जेवणावरून उठले, हात धुतला आणि गिरणीत गेले. त्यानंतर चोवीस वर्षं जगले, पण त्या गोष्टीवर आम्ही दोघं कधी बोललो नाही.” तिला धाप लागली. “मी खरं बोलले की खोटं, एवढं मला कळू दे. काहीही निघालं तरी लपवायचं नाही. माझी शपथ आहे.”

शपथ घातल्यावर काय करणार? गेलो.

सैन्याच्या जुन्या कागदपत्रांच्या कचेरीत एक लांबलचक टेबल होतं आणि टेबलाच्या टोकाला कारकून बाई. पिशवी बाहेर ठेवायची, पेन आणायचं नाही, फक्त पेन्सिल. माझे हात बघून बाईंनी मला दोनदा नळावर पिटाळलं.

“मॅडम, हा मळ नाही, रंग आहे,” मी म्हटलं. “तीस वर्षांचं ऑइल मुरलंय.”

“मग कागदाला हात लावू नका. पानं मी उलटते.”

आजोबांची फाईल म्हणजे जेमतेम सहा कागद. त्यांच्यावर दोन आरोप होते. पहिला, खोट्या खेपा सांगितल्या. दुसरा, सरकारी ट्रकचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार हरवलं. दार! माणसं मरत होती आणि साहेबांना दार हवं होतं. माझ्या तोंडून एक शिवी निसटली. बाईंनी चष्म्यावरून नुसतं बघितलं.

आजोबांचा जबाब तीन ओळींचा होता. ‘वर जाताना गाडी सरळ नेली. वर वळवायला जागा नव्हती. खाली येताना उलटी आणली.’ त्याखाली साहेबांचा शेरा: ‘सहा मैल उलटी? विश्वास ठेवण्याजोगे नाही.’

जुन्या ट्रकांचा मीटर चाकांबरोबर फिरायचा. गाडी पुढे गेली की आकडे वाढायचे, मागे आली की तेवढेच कमी व्हायचे. सहा मैल सरळ वर, सहा मैल उलटं खाली, की मीटर पुन्हा होता तिथे! मी पेन्सिल टेबलावर पुढेमागे सरकवून बाईंना हे दाखवलं. त्यांना पटलं. पण माझाच उत्साह मावळला. कारण मीटर उलटा फिरतो हे कुठल्याही ड्रायव्हरला ठाऊक असतं. लपून बसलेल्या ड्रायव्हरला थाप मारायची झाली तर तो हीच मारेल. आत्यापुढे जाऊन ‘आजोबा असं म्हणाले होते’ एवढंच सांगायचं? खेपा केल्या असं ते म्हणतात, हे तर तिला जन्मभर ठाऊक होतं.

मी पेन्सिल खाली ठेवली. मग डोक्यात आलं, अरे, मी रोज काय करतो? गिऱ्हाईक त्याचं पुराण सांगतो, मी मान डोलावतो, आणि मग बॉक्स उघडतो. आत काय झालंय ते बॉक्स सांगतो.

“मॅडम, माणसाची फाईल राहू द्या. मला गाडीची फाईल पाहिजे.”

“असं कोणी मागत नाही.”

“मी मागतोय ना!”

“आवाज खाली. गाडीचा नंबर कुठे आहे?”

नंबर दाराच्या आरोपातच लिहिलेला होता. साहेबांच्या दाराचे उपकार मानावे लागले.

आठ दिवसांनी बाईंचा फोन आला. गाडीची कागदपत्रं वर्कशॉपच्या दप्तरात होती, वेगळ्याच इमारतीत. चौकशीच्या वेळी कोणी तिथे डोकावलंच नव्हतं. मी गेलो तेव्हा बाईंनी फाईल टेबलावर काढून ठेवली होती, आणि या वेळी त्या माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

सगळ्यात वर वर्कशॉपच्या मिस्त्रीची चिठ्ठी होती. आजोबा परतल्यावर पाचव्या दिवशीची. ‘पुढचे सर्व गिअर उत्तम. रिव्हर्स गिअरचे दात पूर्ण झिजलेले. अशी झीज आजवर पाहिली नाही. कारण माहीत नाही. ड्रायव्हरचे दार बिजागऱ्यांचे स्क्रू नीट सोडवून काढलेले आहे.’

मी उठून उभा राहिलो. रिव्हर्स गिअर असतो पन्नास-साठ फुटांसाठी. गाडी फाटकातून बाहेर काढली की त्याचं काम संपलं. माझ्या उभ्या आयुष्यात मी रिव्हर्सचे दात असे गुळगुळीत झालेले पाहिले नाहीत. ते झाडाखाली बसून झिजत नाहीत. आणि दार हरवलं नव्हतंच. दार असलं की कंबरेतून बाहेर वाकून मागचा रस्ता बघता येत नाही, म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं ते काढून ठेवलं होतं.

माझ्या गॅरेजमधून ट्रक उलटा काढताना, तोही चाळीस फूट, सपाट सिमेंटवरून, मला घाम फुटतो. आणि हा माणूस एका हातानं स्टिअरिंग धरून, अर्धा गाडीबाहेर लोंबकळत, मागे विव्हळणारी माणसं घेऊन, एका अंगाला दरी असलेल्या रस्त्यावरून सहा सहा मैल उलटा उतरत होता. त्रेचाळीस वेळा. मी हिशेब केला. दोनशे अठ्ठावन्न मैल उलटे! याच माणसाच्या मांडीवर बसून मी लहानपणी त्याच्या कानातलं पीठ पुसलं होतं. मला रडू आवरेना. बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

फाईलच्या तळाशी गाडीची नोंदवही होती. पेन्सिलीनं, आजोबांच्या अक्षरात, एकेक खेप. तिची नक्कल बाईंनी स्वतः करून दिली.

संध्याकाळी आत्याकडे गेलो. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. मी सगळं सांगितलं. मीटर, गिअर, दार. कुठे अडलं तर हातांनी करून दाखवलं.

मग ती म्हणाली, “म्हणजे मी खोटं बोलले.”

“अगं, पंधरा वर्षांची पोर होतीस तू.”

“गप्प बस. समजूत काढू नकोस.” ती म्हणाली. “तुला खरं सांगू? तुला पाठवलं ना, तेव्हापासून मनात एकच चाललं होतं. भित्रेच निघू देत. म्हणजे मी त्यांना वावगं काही बोलले नव्हते, एवढं तरी होईल. या वयात मी बापाला भित्रा ठरवायला निघाले होते रे!”

मी तिचा हात धरला.

“वाच,” ती म्हणाली. “खेपा वाच. सगळ्या.”

मी वाचायला लागलो. ‘वर रिकामी. खाली सहा.’ ‘वर रिकामी. खाली पाच.’ ‘खाली सहा, एक वाटेत गेला.’ प्रत्येक ओळीला आत्या “हं” म्हणायची. आठव्या दिवशी लिहिलं होतं, ‘पाऊस. चालत्या माणसाहून हळू. खाली सहा, सहाही जिवंत.’ ती ओळ तिनं दोनदा वाचायला लावली. माणसं ती बोटांवर मोजत होती. बोटं पुरेनात तेव्हा मी बेरीज सांगितली. दोनशे एकोणीस.

“आणि शेवटची?”

“अकरावा दिवस. ‘खाली चार. वर आता कोणी राहिलेलं नाही.’ त्याच्यापुढे वही कोरी आहे.”

आत्यानं नक्कल माझ्या हातातून घेतली. डोळ्यांजवळ नेऊन त्या ओळीवरून बोट फिरवलं.

“बाबा, मी चुकले,” ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, अंगणापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मग ढसाढसा रडली, आणि रडता रडताच मला म्हणाली, “किती बरं झालं रे, मी चुकले.”