ठिपके आले, बातमी कुठे आहे?

मित्रांनो, मी एक जुना ब्रेल प्रिंटर आहे. मला शाई लागत नाही. माझ्या पोटात बारीक पोलादी सुया आहेत. त्या जाड कागदावर टोचे मारतात आणि कागदावर उंच ठिपके उमटतात. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, ते या ठिपक्यांवरून बोट फिरवून वाचतात. काम करताना मी इतका आवाज करतो, की शेजारच्या खोलीतली माणसं दार लावून घेतात. लावोत बापडी! कामाचा आवाज होणारच.

कारखान्यातून निघालो तो थेट या रेडिओ केंद्रात आलो. इथे संध्याकाळच्या बातम्या वाचणाऱ्या ताईंना जन्मापासून दिसत नाही. बातम्या लिहून झाल्या, की कॉम्प्युटर त्या माझ्याकडे पाठवायचा, मी अक्षरांचे ठिपके करायचो आणि ताई ते कागद उचलून स्टुडिओत जायच्या. त्यांचं बोट पुढची ओळ वाचत असायचं आणि तोंड मागची. असं कसब मी दुसऱ्या कोणात पाहिलं नाही. श्रोते त्यांच्या आवाजाचं कौतुक करायचे, आणि घरी जाताना ताई माझ्या झाकणावर थाप मारायच्या. मला तेवढं पुरे होतं.

मग जुना कॉम्प्युटर एकदाचा बंद पडला आणि त्याच्या जागी लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा नवा आला. त्या दुपारी मी पहिलं पान छापलं, ताईंनी त्यावर बोट टेकवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. एकही शब्द लागत नव्हता.

केंद्राच्या साहेबांनी सगळं खापर माझ्यावर फोडलं. "म्हातारा झालाय तो. आज बातम्या दुसऱ्या कुणाला तरी वाचू दे. आणि हे असंच राहिलं, तर ताई, तुम्हाला फोनवर बसावं लागेल. माझा नाइलाज आहे."

ताईंनी त्या पानावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मला मात्र फार वाईट वाटलं. ज्यांच्या आवाजावर लोक घड्याळं लावतात, त्यांनी आता नुसतं "हॅलो, कोण हवंय?" म्हणत बसायचं?

कॉम्प्युटर दुरुस्त करणारी मुलगी धावत आली. तिने माझी वायर काढून परत लावली, कागद सरळ केला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मी खडखडाट करत पान बाहेर टाकलं. तिने ते उजेडात धरलं. ठिपके कसे, मोत्यासारखे!

"झालं, ताई! बघा, किती छान आलंय!"

ताईंनी बोट फिरवलं. "अगं, ठिपके आलेत. बातमी कुठे आहे?"

मुलगी ओशाळली. बातम्यांची वेळ जवळ येत चालली होती. दुसरा निवेदक घसा खाकरत दाराशी येऊन उभा राहिला. ताईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"असं कर, मला सगळी बातमी नको. एकच अक्षर पाठव."

मी एक अक्षर छापलं. ताईंचं बोट त्यावरून गेलं, थांबलं, परत फिरलं. "अक्षर एक, मग खुणा तीन कशा? कुणीतरी मधेच भर घालतंय."

मुलीने कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावरच्या ओळी भराभर वाचल्या आणि कपाळावर हात मारला. "हा नवा कॉम्प्युटर स्वतःच अक्षरांचं ब्रेल करून पाठवतोय! आणि प्रिंटर त्या ब्रेलचं पुन्हा ब्रेल करतोय!"

"म्हणजे एकाच भाजीत दोघांनी मीठ घातलं," ताई हसल्या. "मग एकाचा हात धर."

कुणाचा? मी चांगलाच धास्तावलो. मुलीने एक ओळ बदलली आणि कॉम्प्युटरला बजावलं, की अक्षरं जशी आहेत तशीच पाठव, ठिपक्यांचं काम म्हाताऱ्याचं. मित्रांनो, मी असा कामाला लागलो, की टेबल हादरलं.

पहिलं पान बाहेर पडलं. मुलीने ते उचललं, पण या वेळी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तसंच ताईंच्या हातात दिलं. "तुम्ही सांगा, ताई."

ताईंचं बोट ओळीच्या टोकापर्यंत गेलं, आणि त्या तिथेच, मोठ्याने वाचू लागल्या. "नमस्कार. ऐका आजच्या ठळक बातम्या." दारातल्या निवेदकाने आपले कागद गुंडाळून खिशात घातले आणि ताईंसाठी दार उघडून धरलं.

मित्रांनो, मला वेळच्या वेळी पुसा, जाड कागद द्या, कुरकुरलो तर समजून घ्या. पण मी बरा झालो का, हे माझ्याकडे बघून ठरवू नका. ज्यांच्यासाठी मी आहे, त्यांच्या बोटांना विचारा.