शिळेवरच्या रेघा

वाळवंटाच्या कडेला दोघा भावांचा दगडकामाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड आणि पुढे मोकळं अंगण. अंगणात नव्या शाळेच्या दारावर बसवायची लांबलचक शिळा आडवी ठेवली होती, आणि थोरल्याच्या डोक्यात तिच्याएवढाच मोठा संशय ठाण मांडून बसला होता.

शिळेला रेघा पडत होत्या. अगदी केसाएवढ्या, पण पाथरवटाच्या नजरेतून सुटणार कशा? दगड भिजवला की पाणी चिरेत मुरतं आणि चीर काळी दिसते, ही धंद्यातली जुनी परीक्षा. धाकटा दुपारी घरी जेवायला गेला की थोरला रांजणातलं गार पाणी बादलीत भरून शिळेवर ओतायचा. रोज एखादी रेघ वाढलेली, आणि रोज त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची. धाकट्याला वेगळं व्हायचंय, हे त्याच्या कानावर आलं होतं. म्हणजे घाव त्यानंच घातले असणार. काम बिघडणार, नाव थोरल्याचं जाणार आणि हा साळसूद दुसरीकडे दुकान थाटणार! सुतावरून स्वर्ग गाठायला या गृहस्थाला खरं तर सूतही लागत नसे.

त्यातच एका सकाळी धाकटा शिळेवर गोणपाटं पसरायला लागला.

"काय झाकतोयस?" थोरल्यानं विचारलं.

"ऊन लागतंय रे तिला, दादा. दिवसा भट्टी, रात्री काकडवणारी थंडी. माळावरच्या खडकांचे पदर कसे सुटतात, बघ ना."

"ते खडक कुणाच्या बापजाद्यांपासून उन्हात बसलेत. ही परवापरवा खाणीतून आली." थोरल्यानं गोणपाटं ओढून फेकली. "हातोडा कशाला मारलास, ते सांग."

धाकट्याला आधी कळेचना. कळलं तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं. आईबाप गेल्यावर याच दादानं त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. तो तडक निघाला. घरी जाऊन त्यानं कपडे पिशवीत भरले. वहिनीनं दारात अडवलं, तरी तो थांबला नाही.

"खरा असता तर भांडला असता," थोरला स्वतःशीच म्हणाला.

दुपारी तो कारखान्यात एकटाच होता. शिळा हात ठेववणार नाही इतकी तापली होती. सवयीनं त्यानं बादली ओतली. पाणी पसरलं आणि दगडातून आवाज आला, टच्च! त्याच्या डोळ्यांदेखत एक नवी रेघ काळी होत गेली. आसपास चिटपाखरूही नव्हतं. हातोडा खुंटीला होता. थोरल्यानं हातातल्या रिकाम्या बादलीकडे पाहिलं. रोज आपणच!

चपला न घालताच तो बसथांब्याकडे धावत सुटला. बस अजून यायची होती. दादा धापा टाकत येताना दिसला, तसा धाकटा बाकावरून उठला. दादाला तोंड उघडायलाही सवड न देता त्यानं पिशवी जमिनीवर ठेवली आणि तिची गाठ सोडली.

"बघून घे, दादा," तो म्हणाला. "तुझी एकही छिन्नी नेत नाहीये."